आजीच्या नावाचे पैसे

पुणे, 9 जून

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर माझा आवाज चढला, त्याची आधी माफी मागते. "पैसं माझं, आई माझी, तुझं काय जातंय?" म्हणून तुम्ही फोन ठेवलात आणि माझा चहा तसाच गार झाला. बाबा, फोनवर आपलं जमत नाही हे आता दोघांनीही मान्य करू. तुम्हाला एसटीचे कंडक्टर म्हणून तीस वर्षं चालत्या गाडीत मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं बोलायची सवय, आणि मी पडले तुमचीच लेक. म्हणून हे पत्र. डोळ्याच्या ऑपरेशनला महिनाच झालाय, तेव्हा आई, तूच वाचून दाखव. तुझ्याविषयी लिहिलंय तिथं गाळू नकोस.

तर आजीच्या नावाचे 3 लाख. ग्रॅच्युइटीतले उरलेले. ते मी कोल्हापुरात शिकले त्या कॉलेजला द्यायचे, त्यांनी कायम ठेव ठेवायची, व्याजातून दरवर्षी पहिल्या येणाऱ्याला बक्षीस आणि हॉलमधल्या फळीवर आजीचं नाव. त्यावर मी "आधी आईचे गुडघे बघा" म्हटलं. ते चुकीच्या वेळी म्हटलं. चुकीचं म्हटलं असं मात्र मला अजून वाटत नाही. गुडघ्यांकडे नंतर येते.

एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. जोतिबाच्या यात्रेला आले होते तेव्हा एका दुपारी "महाद्वार रोडला जाऊन येते" म्हणून बाहेर पडले आणि दोन तासांनी रिकाम्या हातानं परत आले. आई, तू विचारलंसही, की काय आवडलं नाही का म्हणून. मी कॉलेजात गेले होते. बाबांच्या डोक्यात काय घोळतंय ते तूच मला सांगितलं होतंस ना.

हॉलमधली ती फळी नीट वाचली. शिकत असताना तिच्याखाली बसून वर्षानुवर्षं भाषणं ऐकली, पण वर कधी बघितलं नव्हतं. सगळ्यात वरचं नाव 1974 सालचं, रक्कम 501 रुपये. ऑफिसातल्या भाऊंना विचारलं, याचं व्याज किती येतं? ते हसले. हिशेब मीच केला, वर्षाला तीस-पस्तीस रुपये. अशा आठ-नऊ जुन्या ठेवींचं व्याज एकत्र करून ते एक प्रमाणपत्र छापतात आणि सोबत पेन देतात. मला त्या 1974 च्या माणसाचं वाईट वाटलं. त्या काळी 501 रुपये बाजूला काढताना घरात काय काय लांबणीवर पडलं असेल! तुमच्या 3 लाखांचे साडेसहा टक्क्यांनी आज 19,500 होतील. ठेवीवर बारा टक्के मिळायचे ते दिवस तुम्हीच पाहिलेत. अजून पंधरा-वीस वर्षांनी त्या 19,500 मध्ये काय येईल, हे मी अकाउंट्सवाली असून सांगू शकत नाही.

आणि पहिल्या येणाऱ्याचं म्हणाल, तर तो बक्षीस नसलं तरी पहिला येतोच. मी तिसऱ्या वर्षी दुसरी आले होते. त्या ट्रॉफीत आई गेली कित्येक वर्षं रबरबँड ठेवते आणि मला त्याचं काही वाटत नाही.

त्या दिवशी मला अकाउंट्स शिकवणाऱ्या मॅडमही भेटल्या. त्यांच्याकडे आता विद्यार्थी कल्याणचं काम आहे. मी सरळ विचारलं, "मॅडम, पोरांचं नक्की कुठं अडतं?" मला वाटलं फी म्हणतील. त्या म्हणाल्या, "जुलैत अडतं."

हे मी तुम्हाला काय समजावणार! गगनबावड्याच्या रस्त्यावर निम्मी नोकरी काढलेल्या माणसाला मांडुकलीचं पाणी पुण्यातून सांगायचं म्हणजे अतीच झालं. पाणी रस्त्यावर आलं की तुमची गाडी कळे गावातनं परत फिरायची आणि तुम्ही घरी येऊन वेबिलाचे कागद वाळत घालायचात, एवढं मला आठवतं. पण त्या गाडीत न चढलेल्या पोरांचं पुढं काय व्हायचं, ते मॅडमकडून कळलं. एकदा चार दिवस रस्ता बंद, मग दोन दिवस सुरू, परत बंद. तेवढ्यात सायन्सच्या दोन प्रॅक्टिकल्स जातात, अंतर्गत परीक्षेचे मार्क जातात, हजेरी पडते. मुलगा असला तर मित्राच्या खोलीवर पथारी टाकतो. मुलीला तसं करता येत नाही. मग घरातून कोणीतरी म्हणतं, असंही जाणं होईना, तर राहू दे यंदा. 2019 च्या ऑगस्टात पुरानं कोल्हापूरच तुटलं होतं, हायवेसुद्धा बंद होता. त्या वेळी गगनबावड्याकडची एक मुलगी दुसऱ्या वर्षाला होती. पुढं पाणी उतरलं, गाड्या सुरू झाल्या. ती आली नाही.

तुम्ही फोनवर म्हणालात, पोरींना आता सगळं फुकटच हाय की. थोडं आहे, सगळं नाही. 2024 मध्ये सरकारनं उत्पन्नाची 8 लाखांची मर्यादा घालून मुलींना शिक्षण शुल्क पूर्ण माफ केलं, ते व्यावसायिक अभ्यासक्रमांना. साध्या बीएस्सी-बीएला फी मुळातच फार नसते. पासातही सवलत आहे, ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. स्कॉलरशिप असली तर ती सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून खात्यात येते, पण कधी येईल ते सांगता येत नाही. आधार खात्याला जोडलेलं नसलं की आणखी लांबते. खोलीवाल्या बाईंना जुलैचे पैसे जुलैतच लागतात. कॉलेजचं होस्टेल भरलेलं. कॉट बेसिसवर राहायचं तर एका कॉटचे दीड-दोन हजार, वर डब्याचे तीन हजार. म्हणजे महिन्याला पाचेक हजार झाले. जुलै-ऑगस्ट दोन महिने पाच मुली शहरात राहिल्या तर 50,000.

माझं म्हणणं एवढंच आहे, बाबा. ठेव ठेवायची नाही. दरवर्षी 50,000 खर्च करायचे, त्या रस्त्यावरच्या पाच मुलींच्या पावसाळी मुक्कामाला. 3 लाख सहा वर्षं पुरतील आणि सातव्या वर्षी संपतील. "संपतील" हा शब्द तुम्हाला टोचणार, माहीत आहे. तुमच्या हिशेबात पैसा ठेवायचा असतो. पण सहा वर्षांत तीस मुलींचा एकेक पावसाळा निघेल. त्या 501 रुपयांचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

लहानपणी दसरा चौकातून जाताना तुम्ही मला मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग दाखवायचात आणि "हे सगळं महाराजांनी केलं" म्हणायचात. मी तेव्हा फक्त उसाचा रस कधी घेणार एवढंच बघत असे. आता परत वाचलं. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, 1908 मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग, आणि मग एकामागून एक. शाहू महाराजांनी जागा दिल्या, वर्षाचं अनुदान लावून दिलं. राजाराम कॉलेज तर 1880 पासून होतं. पण खेड्यातलं पोरगं कोल्हापुरात उतरलं की रात्री झोपायचं कुठं आणि जेवायचं कुठं, हा प्रश्न होता, आणि महाराजांनी तोच आधी धरला. सव्वाशे वर्षं होत आली, आणि मॅडम मला तेच सांगत होत्या.

आई, तू कुंभोजची, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या जन्मगावची, त्यामुळे अण्णांचा विषय तुझ्यासमोर काढायची माझी हिंमत नाही. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं, ते बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी. हे तूच मला सांगितलंस, भाकरी थापता थापता. त्याच वर्षांत आपल्या वरच्या खोलीत राहणाऱ्या पॉलिटेक्निकच्या दोन पोरांना तू रोज आमटी द्यायचीस. त्याची पावती कुणी फाडली नाही.

बाबा, आजीनं मला एकदा सांगितलं होतं, दसवड्याचं, दर दहा दिवसांचं, दुधाचं बिल आलं की त्यातून तुमच्या फीचे पैसे ती आधी बाजूला काढायची. फी भरलेली होती. शहरात मावशीकडं राहायची सोय होती, ती मोडली, म्हणून तुम्ही दुसऱ्या वर्षाला गेला नाहीत. हे खरं का, मी कधी विचारलं नाही. आताही विचारत नाही. पण त्या फळीवर आजीचं नाव तुम्हाला का हवंय, हे मला रविवारी फोन ठेवल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर भांडले नसते. किंवा कमी भांडले असते.

नाव राहील. योजनेला आजीचंच नाव द्यायचं, मॅडम तयार आहेत. फळी हवीच असेल तर ऑफिसात विचारू, पण मला विचाराल तर नाव मुलींच्या खोलीच्या पावतीवर यावं. फोटो मात्र नको. चेक हातात, मधे मुलगी, दोन्हीकडं शाल घातलेली माणसं, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात "गरजू विद्यार्थिनीस मदत". तिच्या गावात तो पेपर येतो, बाबा. मुली मॅडम आणि आणखी दोन शिक्षक निवडतील. आपल्याला नावं कळायचीही गरज नाही. किती मुली, किती महिने, किती पैसे, एवढा एक कागद दरवर्षी दिवाळीला मिळावा.

आता थोडं माझ्या धंद्यातलं. रोख एक रुपया द्यायचा नाही, कुणी कितीही ओळखीचं असलं तरी. चेक संस्थेच्या नावानं निघेल, कारण कॉलेज संस्थेचं आहे. म्हणून सोबत पत्र द्यायचं, की ही रक्कम अमुक कामाच्या चालू खर्चासाठी आहे, कायम निधीसाठी नाही. तसं लिहिलं नाही तर पैसे सर्वसाधारण खात्यात जातात आणि उद्या त्यातून गेटला रंग लागला तरी बोलता येत नाही. एकदम सगळे द्यायचेही नाहीत. दर जूनमध्ये एका वर्षाचे द्यायचे आणि दिवाळीचा कागद बघून पुढचे. पावती 80जी ची, म्हणजे देणगीवर टॅक्समध्ये सूट मिळते ती, मागून घ्या. तुमच्या पेन्शनला टॅक्स बसत नाही आणि मी नव्या टॅक्स पद्धतीत आहे, त्यात ही सूट मिळत नाही, म्हणजे दोघांनाही तिचा काही उपयोग नाही. तरी घ्या. बिस्किटाच्या डब्यात तुमच्या सगळ्या पावत्या आहेत, ही एक कशाला नको?

आणि आता गुडघे. आई, हे गाळू नकोस म्हणूनच सुरुवातीला लिहिलं होतं. "बघू" म्हणायला लागून तुला तीन वर्षं झाली. पेन्शन किती येते ते मला माहीत आहे, त्यामुळे 3 लाख म्हणजे काय हेही माहीत आहे. म्हणून असं करू. बाबांनी 2 लाख द्यावेत, उरलेला 1 लाख तुझ्या नावावर राहू दे आणि त्याला कुणी हात लावायचा नाही. कॉलेजचा तो 1 लाख मी घालते, माझ्या वाट्याला वर्षाला सतरा हजारांच्या आत येतात. आजी माझीही होती. दादाला सांगितलंय, तो म्हणाला, "मला विचारून काय उपयोग, तुम्ही दोघं ठरवणार." यंदाचा जुलै तोंडावर आहे, म्हणून घाई करतेय.

मी शनिवारी सकाळच्या गाडीनं निघते, दुपारपर्यंत घरी. सोमवारी रजा टाकलीय, बाबांना घेऊन कॉलेजात जाईन आणि येताना आईचा एक्स-रे काढू. तोवर बाबा, ओळखीच्या त्या संचालकांना फोन करू नका. ते लगेच कार्यक्रम ठरवतील आणि पाहुणे बोलावतील.

चटणीचा डबा रिकामा झालाय, घेऊन येते. कांदा-लसणाचीच घाल, गेल्या वेळची तिखटाला कमी होती.

तुमची,
थोरली