कोतवाल बुकं वाळवीच्या तोंडातून सोडवा

मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

आमचं आडनाव वानखडे. आजोबा सांगत, आपण मूळचे वानखेडचे, म्हणजे संग्रामपूर तालुक्यातले. आता आम्ही शेजारच्या तेल्हारा तालुक्यात कापूस पेरतो. पुतणीच्या जात पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा हवा होता, म्हणून मी घराण्याचा माग काढायला निघालो.

आधी जनगणनेचे जुने छापील खंड चाळले. त्यांत गावाची डोकी मिळतात, माणसाचं नाव मिळत नाही. नावं आहेत ती कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या कोतवालाच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत. कोणाच्या घरी पाळणा हलला, कोण पटकीनं गेलं, सगळं त्यात.

तहसीलच्या अभिलेख कक्षात ते गाठोडं सोडलं तेव्हा कागद पापडासारखा मोडत होता. 'अमका वल्द तमका', जात, गाव. आडनाव नाहीच! जन्माच्या रकान्यात बापाचं नाव आणि पुढे नुसतं 'मुलगी'. ती आमची आजी-आत्या, हे मला घरच्या म्हाताऱ्यांना विचारून जुळवावं लागलं. पुढच्या कागदांत आडनाव आलं, तर एकात वानखडे, दुसऱ्यात वानखेडे. एका मात्रेपायी प्रतिज्ञापत्र करावं लागलं. पणजोबांच्या जन्माचं पान वाळवीनं खाल्लेलं होतं. ते मला अजून सलतं.

आमचं वऱ्हाड निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांकडे, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलेलं, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आलेलं. कागदही तसेच विखुरले: काही तहसीलला, काही नागपूरच्या पुराभिलेखागारात. कापूसवेचणी सोडून माणसानं किती खेपा घालायच्या?

साहेब, हे काम होऊ शकतं. २०२३ मध्ये मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्या. संदीप शिंदे समितीच्या वेळी मोडी वाचणारे बसवले, त्या नोंदींची पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. आता एका जातीच्या नोंदी न वेचता अख्खी बुकं घ्या, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, सगळ्या जातींची. शोध आडनावावर ठेवू नका, ते तिथं नाही. गाव, बापाचं नाव आणि साल यांवर ठेवा. वानखडे-वानखेडे एकत्र दिसू द्या. तिथूनच सही-शिक्क्याची नक्कल मिळू द्या.

आणि स्कॅनिंगला वेळ लागणार असेल, तर निदान मृग लागायच्या आत ती गाठोडी गळक्या छताखालून हलवा.

आपला,
एक शेतकरी,
ता. तेल्हारा, जि. अकोला