गंगेचा करार डिसेंबरपर्यंत लटकवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कृष्णेवरचा येडूर-कल्लोळ बंधारा पाण्याखाली गेला की आमच्या चिकोडी तालुक्यात पावसाळा खरा लागला असे धरतात. मग राजापूर बंधाऱ्यावरून किती क्युसेक येते, कोयनेतून किती सोडले, दूधगंगा-वेदगंगेची भर किती, हे आकडे शाळकरी पोरांच्याही तोंडी असतात. नदीवरची मोटार कधी वर ओढायची, जनावरे कधी हलवायची, ते त्या आकड्यांवर ठरते. तुम्हीही ते रोज छापता. कृष्णाकाठच्या या सवयीमुळेच भारत-बांगलादेश संबंधांतल्या एका तारखेकडे माझे लक्ष गेले.

भारत-बांगलादेशातला गंगेच्या पाणीवाटपाचा करार 12 डिसेंबर 1996 रोजी दिल्लीत झाला. मुदत तीस वर्षांची, म्हणजे 2026 च्या डिसेंबरात ती संपते. सही करणारे पंतप्रधान आपल्याच कर्नाटकातले, एच. डी. देवेगौडा. हासनचा, कावेरी खोऱ्यातला माणूस. पाण्यावरून शेजाऱ्याशी कसे जुंपते हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. समोर बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना होत्या. 1 जानेवारी ते 31 मे या टंचाईच्या काळात पश्चिम बंगालमधल्या फरक्का बंधाऱ्यावर दहा-दहा दिवसांच्या हिशेबाने पाणी वाटायचे, असे ठरले. प्रवाह 70 हजार क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तर निम्मे-निम्मे. 75 हजारांपर्यंत असेल तर बांगलादेशाला 35 हजार, उरलेले भारताला. त्याच्या वर गेला तर भारताला 40 हजार आणि बाकीचे त्यांना. 11 मार्च ते 10 मे हे सर्वांत कोरडे दिवस. त्यात एका दहा दिवसांत एकाला 35 हजारांची हमी, पुढच्या दहा दिवसांत दुसऱ्याला. आमच्या पाटावरच्या पाळीपाळीसारखेच हे आहे. प्रवाह 50 हजारांच्या खाली गेला तर दोघांनी ताबडतोब बोलायला बसायचे. आणि दोन्ही देशांची माणसे फरक्क्याला आणि तिकडे बांगलादेशात हार्डिंज पुलाशी रोज पाणी मोजणार. मला या करारात सगळ्यांत मोलाचे वाटते ते हे रोजचे मोजणे. वाटणीवरून भांडता येते, पण आकडा दोघांच्या डोळ्यांसमोर असला की भांडणाला निदान बूड असते.

आकडा नसला की काय होते ते ऑगस्ट 2019 मध्ये आम्ही पाहिले. आमच्या वस्तीवर संध्याकाळी जे पाणी येणार म्हणून सांगितले होते, त्याहून कितीतरी जास्त पहाटे आले. दोन म्हशी दाव्यालाच गेल्या. आईला ट्रॉलीत घालून गंजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या छावणीत नेले. मळीतला ऊस आठवडाभर बुडून राहिला आणि कुजला. कुणाचे चुकले ते आता उकरत नाही. पण जून 2021 मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे जलसंपदा मंत्री जयंत पाटील बेंगळुरूला जाऊन आमचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले आणि धरणांची माहिती वेळच्या वेळी एकमेकांना द्यायचे ठरले. महिन्याभरातच पुन्हा पूर आला. आमचे नुकसान झालेच, पण या वेळी आम्ही आधी उठलो होतो, गोठा रिकामा होता.

सीमाप्रश्नावरची आमची बाजू आम्ही सोडलेली नाही. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि 1 नोव्हेंबरचा काळा दिवस आम्ही विसरत नाही. डिसेंबर 2022 मध्ये वातावरण इतके तापले की दोन्हीकडच्या एसटी थांबल्या. तरीही पाण्याचा निरोप त्या भांडणात अडकू नये, असेच इथला प्रत्येक नदीकाठचा माणूस म्हणेल, मग तो घरी मराठी बोलो की कन्नड. शिरोळ-सांगलीकडच्यांना खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याची भीती वाटते तीही मी समजू शकतो. वरचाच खालच्याला त्रास देतो असे नाही.

भारताची जागाही आमच्यासारखीच दुहेरी आहे. बांगलादेशाला आपण वरचे, चीनला खालचे. 2017 मध्ये डोकलामचा तणाव असताना चीनने ब्रह्मपुत्रेची पावसाळी माहिती दिली नाही, तेव्हा आपण रास्त तक्रार केली. जुलै 2025 मध्ये त्यांनी तिबेटात त्याच नदीवर प्रचंड धरणाचे काम सुरू केले. उद्या आपण बीजिंगकडे माहिती मागायला जाऊ, तेव्हा ढाक्याशी आपण कसे वागलो हे कुणीतरी विचारणारच. पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानशी असलेला सिंधू पाणीवाटप करार स्थगित झाला. त्या निर्णयामागचा संताप मलाही आहे. तरी ऑगस्ट 2025 मध्ये तावी नदीला पूर येताच भारताने इस्लामाबादेतल्या आपल्या उच्चायुक्तालयामार्फत पाकिस्तानला सावध केले. हे वाचून मला देशाचा अभिमान वाटला. शत्रूच्याही लेकराला पुराची वर्दी दिलीच पाहिजे.

बांगलादेशाबाबत अडचणी आहेत, त्या नाकारत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये सत्ता सोडून हसीना भारतात आल्या आणि तिकडे आपल्याविषयी कटुता वाढली. तिकडच्या हिंदूंवरील हल्ल्यांची चिंता मलाही आहे आणि ती दिल्लीने ठणकावून मांडावी. पण त्यासाठी फरक्क्याचा करार ओलीस ठेवू नये. मार्चमध्ये पद्मेच्या, म्हणजे तिकडच्या गंगेच्या काठी धान करणारा शेतकरी ढाक्याचे राजकारण चालवत नाही.

पश्चिम बंगालला मात्र आताच चर्चेत घ्यायला हवे. 1996 ला तिथले तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी मनावर घेतले म्हणून करार तडीला गेला. 2011 मध्ये ममता बॅनर्जी ऐन वेळी मागे हटल्या आणि बांगलादेशाशीच व्हायचा तिस्ता नदीचा करार अजून तसाच पडून आहे. नदीकाठच्या राज्याला डावलून केलेला पाण्याचा करार टिकत नाही, हे कर्नाटकाला आणि महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको.

जानेवारीत पहिले दहा दिवस मोजायची वेळ येईल, तेव्हा हातात कागद हवा. नवा करार होईपर्यंत निदान जुना वर्षभर वाढवावा आणि दोन्हीकडचे मोजणीचे पथक एक दिवसही उठवू नये. चिकोडी आणि बेळगावच्या खासदारांनी हा प्रश्न लोकसभेत विचारावा, अशी आपल्या दैनिकातून विनंती करतो. गंगा आपल्या मतदारसंघातून वाहत नाही असे त्यांनी म्हणू नये. त्यांच्या मतदारसंघांतून कृष्णा आणि तिच्या उपनद्या वाहतात.

आपला,
कृष्णाकाठचा एक शेतकरी, चिकोडी तालुका, जि. बेळगाव