आनंद करा म्हणणाऱ्यांनी आधी घरी यावं

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

नाताळात तुमच्या पेपरात चर्चच्या लायटिंगचे, केकचे, स्टारचे फोटो आले, बघून बरं वाटलं, कात्रण पण काढून ठेवलंय. पण ख्रिस्ती माणसाचा आनंद म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं तेवढंच येतं, आणि खरं सांगायचं तर आम्हा चर्चला जाणाऱ्यांच्या पण, म्हणून लिहायला बसले.

2021 च्या मे महिन्यात माझे मिस्टर कोरोनानं गेले. मातीला मोजकीच माणसं, चर्च बंद, कुणी घरी येण्यासारखी परिस्थिती नव्हती. फोन मात्र खूप यायचे. "ताई रडू नका, प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा असं वचन आहे." वचन खरंच आहे, बायबलमधल्या फिलिप्पैकरांच्या पत्रातलं, मी स्वतः संडे स्कूलला किती मुलांकडनं पाठ करून घेतलंय, पण त्या दिवसांत ते ऐकलं की फोन बंद करून ठेवावासा वाटायचा.

पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी, लॉकडाऊनमध्ये दुकानं उघडायची त्या वेळात, वडगावची एक मावशी चालत आली. आमच्याच मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, विणकर घरातली. 2019 च्या ऑगस्टमधल्या पावसात तिच्या घरात पाणी शिरलं होतं, मागाच्या खड्ड्यात कंबरभर पाणी, मोटर गेली, सूत गेलं, बीमवरची अर्धी विणलेली साडी चिखलात. बेळगावात बऱ्याच भागांत नळाला रोज पाणी येत नाही हे तुम्हाला सांगायला नको, त्या दिवशी आमच्या गल्लीत आलं होतं आणि मला पत्ताच नव्हता. मावशी दारातनंच म्हणाली, "बाई, पाणी आलंय की, घागरी कुठं हाईत?" आणि आत जाऊन हंडे, घागरी, बादल्या, मिस्टरांच्या आजारात धूळ खात पडलेला पिंप सुद्धा घासून भरला. मग चहा ठेवला. शेवटी प्रार्थना केली, अर्धी मराठीत अर्धी कन्नडमध्ये, तिला भावना आवरेना झाल्या की कन्नडच येतं. आनंद हा शब्द तिनं एकदाही काढला नाही, पण ती गेल्यावर मी कितीतरी दिवसांनी पेटी उघडली आणि एक गीत म्हटलं. रडत रडतच म्हटलं, पण म्हटलं.

नंतर मी ते फिलिप्पैकरांचं पत्र परत नीट वाचलं. प्रेषित पौल ते कैदेतनं लिहितोय हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं, पण त्यातल्या एपफ्रदीत नावाच्या माणसाला आपण विसरतो. फिलिप्पैच्या मंडळीनं पौलासाठी मदत देऊन ह्या माणसाला पाठवलं, तो इतका आजारी पडला की मरता मरता वाचला. आपल्या हिंडलग्याच्या जेलमध्ये कैद्याला सरकार जेवण तरी देतं, त्या रोमन काळात बाहेरच्या आपल्या माणसांनीच खाणंपिणं बघायचं अशी बऱ्याचदा गत. म्हणजे "आनंद करा" हे बेड्यांतल्या माणसानं, ज्यांनी त्याच्यासाठी एवढं केलं त्यांना लिहिलंय. आपण उलटं करतो, आपण मोकळे बसून दुःखात अडकलेल्याला सांगतो. आणि "आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलोय" असं पौलच त्यात म्हणतो, शिकलोय म्हणतो, त्याला पण वेळ लागला असणारच. रडणाऱ्यांबरोबर रडा हे रोमकरांना लिहिणारा पण तोच.

1820 साली लंडन मिशनचे लोक बेळगावात आले, म्हणजे इथल्या मंडळीला दोनशे वर्षं होऊन गेली, प्लेग, दुष्काळ, पूर सगळं बघून झालंय तिचं. एवढ्या सगळ्यातनं ही मंडळी टिकली ती असल्या मावश्यांमुळंच असं मला मनापासून वाटतं.

माझी विनंती आमच्याच भाऊ-बहिणींना आहे, पेपरातनं करतेय कारण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं की हात जोडलेले इमोजी येतात आणि विषय संपतो. कोण चर्चला यायचं बंद झालंय बघा. कुणाची नोकरी गेली असेल, कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं असेल, लाजेनं मागच्या बाकावर पण बसत नाहीत अशी माणसं. सकाळी सकाळी वचनाचा फोटो पाठवता तो पाठवा, पण संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन बसा, गप्प बसलात तरी चालेल, जाताना चार भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या. कॉटेज मीटिंग, म्हणजे घरी भरणारी प्रार्थनासभा, पण मोठ्या हॉलच्या घरीच दर वेळी कशाला, ज्या घरात दुःख आहे तिथं जमिनीवर सतरंजी टाकून घ्या की.

मावशीचे गुडघे आता गेलेत, वडगावातनं बाहेर पडणं होत नाही तिला. परवा त्यांच्या गल्लीत पाणी यायचंय, मी सकाळीच जाणार आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
टिळकवाडी, बेळगाव