मॉर्निंग्टनच्या खोक्यातल्या तीन बाटल्यांचे पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, मेलबर्न

विषय: 'मॉर्निंग्टनच्या सहा रेड' या रेड वाइनच्या खोक्यात आलेली चुकीची बाटली आणि उन्हाने बिघडलेल्या दोन बाटल्या

महोदय,

तुमची जाहिरात मराठीत होती, ऑर्डर घेताना बोलणंही मराठीत झालं, तेव्हा तक्रारही मराठीतच करते. फोनवर सांगून झालं, ई-मेल करून झाला. उत्तरादाखल पुढच्या खरेदीवर 20 टक्के सवलतीचं कूपन आलं. ते मला नको आहे. का नको, ते नीट लिहिते.

जाहिरातीत कबूल केलं होतं ते असं: मेलबर्नजवळच्या मॉर्निंग्टन द्वीपकल्पातल्या सहा पिनो न्वार (याच नावाच्या द्राक्षाची रेड वाइन), दोन खालच्या मूरूडकच्या आणि चार वरच्या रेड हिल आणि मेन रिजच्या. हे खोकं मी घेतलं तेच या वाटणीसाठी. तिकडची वाइन पिणाऱ्यांत टेकडीवरची आणि टेकडीखालची हा भेद रोजच्या बोलण्यातला आहे. वर उंची दोनशे मीटरच्या आसपास, माती लाल, ज्वालामुखीची, आणि बास सामुद्रधुनीवरून येणारा गार वारा. द्राक्ष सावकाश पिकतं, तोडणी उशिरा होते आणि वाइन हलकी, किंचित आंबट, चेरीच्या वासाची उतरते. मूरूडक सखल आणि जरा उबदार. तिथली पिनो गडद आणि भरीव. घरी जमणाऱ्या मंडळींपुढे ग्लास शेजारी शेजारी ठेवून हाच फरक दाखवायचा होता.

खोकं उघडलं तर मेन रिजच्या एका बाटलीच्या जागी शिराझ, म्हणजे वेगळ्याच द्राक्षाची रेड. लेबलावर प्रदेश काय, तर 'साउथ ईस्टर्न ऑस्ट्रेलिया'. या नावात अख्खं व्हिक्टोरिया, न्यू साउथ वेल्स आणि टास्मानिया येतं, शिवाय साउथ ऑस्ट्रेलिया आणि क्वीन्सलँडचा काही भाग. म्हणजे द्राक्ष नेमकं कुठलं, ते लेबल वाचून कळायची सोय नाही. ही बाटली सुपरमार्केटात 12 डॉलरला मिळते. पावतीवर मात्र तिच्या जागच्या पिनोचे 62 डॉलर लावले आहेत.

तुमच्या प्रतिनिधीचं म्हणणं, "माल संपला होता, आणि रेडच्या बदल्यात रेडच तर दिली." शिराझशी माझं वाकडं नाही. द्वीपकल्पावरही शिराझ होते, मेरिक्सच्या बाजूला तर काळ्या मिरीच्या वासाची फार सुरेख होते. तीच बाटली पाठवून आधी एक फोन केला असता, तर हे पत्र लिहिलंच नसतं. ऑस्ट्रेलियात लेबलावर एखाद्या प्रदेशाचं नाव टाकायचं तर आतली किमान 85 टक्के वाइन तिथल्या द्राक्षांची असावी लागते. वाइन करणाऱ्यांना एवढं बंधन आहे. त्यांची वाइन विकताना तुम्ही तेच नाव खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापता आणि आत काहीही भरता, हे कसं चालेल?

आता उरलेल्या दोन बाटल्या. या रेड हिलच्याच आहेत, लेबलाबद्दल तक्रार नाही. ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, संध्याकाळी सहानंतर, हातात द्यावं. खोकं भर दुपारी पश्चिमेकडच्या दारात ठेवून कुरिअरवाला निघून गेला. त्या दिवशी पारा 40च्या वर होता, आणि त्याआधी व्हॅनमध्ये किती तास फिरलं असेल ते तुम्हालाच ठाऊक. मी घरी पोहोचले तेव्हा पुठ्ठ्याची एक बाजू ओलसर होती. दोन बाटल्यांच्या झाकणाखालून वाइन पाझरून मानेवर चिकट, जांभळट ओघळ वाळला होता.

यावर तुमचं लेखी उत्तर असं की झाकण फिरकीचं असल्यामुळे उन्हाचा परिणाम होत नाही. वाइनच्या व्यवसायातल्या माणसाने हे लिहावं याचं नवल वाटतं. फिरकीचं झाकण आलं ते बुचामुळे वाइनला येणारा कुबट वास टाळण्यासाठी. काच तापायची ती तापतेच, आतली वाइन फुगते आणि झाकणाशी वाट काढते. दुसरा मुद्दा, "पिनोचा रंग मुळातच फिका असतो, ग्राहकांना सवय नसते." सवय आहे. रंग फिका असल्याची तक्रार मी केलेलीच नाही. तो जुन्या वाइनसारखा कडेने विटकरी झाला आहे, आणि वाइन दोनच वर्षांची. आणि वास ताज्या फळाचा न येता आटवलेल्या मुरांब्यासारखा येतो. त्याच खोक्यातली तिसरी रेड हिल सावलीच्या बाजूला होती म्हणून बचावली. ती शेजारी ठेवून प्यायली की आणखी पुरावा लागत नाही. जिथे जानेवारीचं, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्याचं, सरासरी तापमान विशीच्या आसपास असतं, तिथली वाइन विकत घेण्याचा अर्थच तो गारवा आहे. तोच तुम्ही वाटेत घालवलात.

खोक्यातलं माहितीपत्रक मात्र झकास आहे. 1830च्या दशकात जेम्स बझ्बींनी युरोपातून ऑस्ट्रेलियात आणलेली द्राक्षाची कलमं, त्यातून पुढे आलेला एमव्ही6 हा पिनोचा वाण, सगळं वाचलं. छपाईवरचा थोडा खर्च थंड व्हॅनवर केलात तर बरं होईल.

ऑस्ट्रेलियन ग्राहक कायद्यानुसार माल वर्णनाशी जुळणारा आणि दर्जाला उतरणारा असावा लागतो. दोष मोठा असेल तर पैसे परत घ्यायचे की बदली माल, हे ग्राहक ठरवतो; तिथे कूपन देऊन वाटेला लावता येत नाही. माझी मागणी एवढीच: तिन्ही बाटल्यांचे पूर्ण पैसे मूळ कार्डावर जमा करावेत. बदली बाटल्या नकोत, कारण जानेवारीत त्याही त्याच व्हॅनमधून येणार. चौदा दिवसांत पैसे आले नाहीत तर कन्झ्युमर अफेअर्स व्हिक्टोरिया या राज्याच्या ग्राहक खात्याकडे जाईन, आणि तिथेही न मिटल्यास व्हीकॅट या राज्याच्या न्यायाधिकरणात अर्ज करीन.

शिराझ न उघडता ठेवली आहे. बिघडलेल्या दोन्हींतली जवळजवळ सगळी वाइन शिल्लक आहे, फ्रिजमध्ये आहे. तपासायला माणूस पाठवायचा असेल तर लवकर पाठवा, उघडलेली वाइन फार दिवस टिकत नाही.

कळावे,
आपली ग्राहक,
टार्नीट, मेलबर्न

सोबत: पावती, जाहिरातीची प्रत, वेळेच्या सूचनेसह ऑर्डरची नोंद, झाकणांचे आणि ओल्या खोक्याचे फोटो