पीआर स्वतःच्या गुणांवर घे

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल तू म्हणालीस, "कंपनी ४८२ व्हिसा करून देईन म्हणतेय, मग बाकीची धडपड कशाला?" बाबा लगेच हो म्हणाले. मला ते पटलेलं नाही. फोनवर नीट मांडता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

४८२ म्हणजे ऑस्ट्रेलियात कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर काम करायचा तात्पुरता व्हिसा. तो वाईट नाही. दोन वर्षं काम केलं की १८६ या कंपनीमार्फतच्या व्हिसातून पीआरचा, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज करता येतो. पण तो अर्जसुद्धा कंपनीने तुझं नाव पुढे केलं तरच. आणि तोवर तुझं तिथलं राहणं नोकरीला बांधलेलं. नोकरी गेली तर दुसरा स्पॉन्सर शोधायला एका वेळी १८० दिवस मिळतात. जुलै २०२४ च्या आधी तर ६० च मिळायचे.

मी दहावीत होते तेव्हा तुझे आजोबा साखर कारखान्यात होते आणि आम्ही कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. कारखाना बंद पडला, पगार थांबला आणि परीक्षेच्या तोंडावर क्वार्टर रिकामी करायची नोटीस आली. पितळेची भांडी साखरेच्या रिकाम्या पोत्यांत भरून आम्ही मामाच्या गावी गेलो. त्याआधी कितीतरी महिने पगार थकत होता, पण आजोबा साहेबांपुढे बोलले नाहीत. घर त्यांच्याच हातात होतं ना. साईटवर सुरक्षेची काळजी घेतली जात नसेल, जादा तास लादले जात असतील, तर तुला तोंड उघडता आलं पाहिजे. म्हणून माझा आग्रह आहे की पीआर स्वतःच्या गुणांवर घे, म्हणजे वय, शिक्षण, इंग्रजी, अनुभव यांना तिथलं सरकार जे गुण देतं त्यांवर, कंपनीशिवाय.

आणि तुझे गुण कमी नाहीत. मी कागदावर मांडले: वयाचे ३०, पदवीचे १५, इंग्रजीचे १०, पुण्यातल्या पाच वर्षांच्या अनुभवाचे १०, तिथल्या एका वर्षाचे ५, तिथे एम.ई. केलंस त्याचे ५, अविवाहित म्हणून १०. बेरीज ८५. किमान अट ६५ ची आहे, पण व्हिसाचा अर्ज करायचं सरकारी बोलावणं वरच्या गुणांपासून खाली येतं, म्हणून ६५ वर कुणी निश्चिंत बसू नये. नोव्हेंबरात तुला ३३ पूर्ण होतील आणि वयाचे ३० चे २५ होतील. वय बोलावणं येईल त्या दिवशीचं धरतात, ईओआय (बोलावण्यासाठी आधी भरायचा फॉर्म) टाकला त्या दिवशीचं नाही. त्यामुळे 'पुढच्या वर्षी बघू' हे कंपनीला चालेल, तुला नाही.

सगळ्यात अवघड काम तू आधीच केलंस. इंजिनिअरची पात्रता तपासणाऱ्या इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया या संस्थेला पाठवलेले तुझे तिन्ही करिअर एपिसोड, म्हणजे स्वतःच्या कामाबद्दल लिहिलेली प्रकरणं, मी वाचलेत. पुलाच्या पायाच्या खड्ड्यात रात्री पाणी शिरलं आणि सकाळी तू काँक्रीट थांबवलंस, तो भाग तर मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. लोक असली प्रकरणं विकत घेतात आणि उतारे जुळले की अर्ज बाद होतो. तुझं अक्षर न् अक्षर तुझं आहे.

आता दोन गोष्टी राहिल्या. आयईएलटीएस पुन्हा दे. चारही विभागांत ८ आले तर १० च्या जागी २० गुण. मागच्या वेळी फक्त लेखनात अडकलीस, तेवढ्यावरच मेहनत घे. दुसरी म्हणजे नाटी या दुभाष्यांच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची सीसीएल परीक्षा. ती मराठीतून देता येते आणि तिचे ५ गुण आहेत. दोन संवाद असतात, एक बाजू इंग्रजी बोलते, दुसरी मराठी, आणि मध्ये तू दुभाषी. ९० पैकी ६३ लागतात आणि प्रत्येक संवादात ४५ पैकी किमान २९. दवाखाना, भाडेकरार, विमा, शाळेचा प्रवेश असले विषय येतात. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर मी रुग्ण होईन, दादा इंग्रजीत डॉक्टर होईल. तू वही घेऊन बस, कारण आकडे आणि औषधांच्या वेळा लिहून घेतल्या नाहीत तर निसटतात.

दोन्ही जमलं तर गुण १०० होतात. १८९ (स्वतंत्र) आणि १९० (राज्याच्या शिफारशीचा) या दोन्ही पीआर व्हिसांसाठी ईओआय टाक, त्याला फी नाही. १९० ला राज्याने नाव सुचवलं की आणखी ५ मिळतात आणि पीआर थेट हातात येतो. मिळालेच नाहीत असे गुण मात्र चुकूनही भरू नकोस.

४९१ या ठरावीक रीजनल भागांसाठीच्या व्हिसाचे १५ गुण बघून मन ओढतं, ॲडलेड किंवा जिलाँग काही वाईट गावं नाहीत, आणि तिथे मालक बदलता येतो हे मला सगळ्यात आवडतं. पण तो पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा आहे, तीन वर्षं रीजनल भागात काढल्यावर १९१ या पीआर व्हिसाला अर्ज करता येतो, आणि त्या तीन वर्षांत १८६, १८९, १९० ची दारं बंद राहतात. म्हणून ते राखून ठेव. तुझा ४८५, म्हणजे शिक्षणानंतरचा आत्ताचा तात्पुरता व्हिसा, संपत आला आणि बोलावणं नसेल, तर मग बिनदिक्कत घे. मेलबर्न सुटलं म्हणून कुणी काही बोललं तर मी बघेन. ४८२ त्याच्याही मागे.

एजंटकडे जाणार असशील तर पैसे देण्याआधी त्याचा मारा (व्हिसा एजंटांची नोंदणी करणारी सरकारी संस्था) नोंदणी क्रमांक तपास.

लग्नाचा विषय मी सध्या काढत नाही. तुझं तूच ठरवलंस तर आधी सांग, कारण जोडीदाराप्रमाणे ते १० गुण राहतात किंवा कमी होतात, आणि बेरीज पुन्हा मांडावी लागेल.

रविवारी फोन करशील तेव्हा आयईएलटीएसची तारीख घेतलेली असू दे. सीसीएलची फी मी भरते, नाही म्हणू नकोस.

तुझी,
आई