अण्णांची बॅग टाकू नकोस

प्रिय संज्या,

फोटो मिळाले. बॅगेवर जो पांढरट-हिरवट बुरा आलाय तो मला वरवरचाच दिसतोय, चामडं कुठे भुसभुशीत झालेलं नाही, त्यामुळे टाकून देतो वगैरे परत बोलू नकोस. ज्या बॅगेवर अण्णांनी अख्खी नोकरी काढली ती बुरशीपायी कचऱ्यात जाणं मला तरी बघवणार नाही.

वहिनी खोबरेल लावू म्हणतायत ना, त्यांना सांग आत्ता अजिबात नको. बुरशी जगते ती चामड्यातल्या तेलावर, हाताच्या घामावर आणि धुळीवर, त्यात वरून खोबरेल म्हणजे तिला पंगतीला बसवून वाढल्यासारखं आहे.

जरा उघडीप मिळाली की बॅग ओट्यावर ने, घरात झटकू नकोस, त्यातली बारीक पूड उडून दुसऱ्या वस्तूंवर बसते आणि तुझ्या धाकट्याला दम्याचा त्रास आहे, तो तर तिथे नकोच. तोंडाला मास्क लाव आणि कोरड्या मऊ ब्रशने सगळं झाडून काढ, शिवणी, चेनची पट्टी, हँडलच्या कड्या, सगळं. अस्तर बाहेर ओढून तेही झाड, खरा कुबट वास तिथेच असतो. मग मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आण, तेवढंच पाणी मिसळ, फडकं त्यात बुडवून घट्ट पिळ आणि आधी बुडाशी एका कोपऱ्यात लावून बघ. फडक्याला रंग लागला तर तिथेच थांब, नाहीतर हलक्या हाताने सगळी पुसून घे आणि सावलीत पंख्याखाली उघडी ठेव. उन्हात टाकायचा मोह होईल पण कडक उन्हात चामडं ताठ होतं आणि मग तडकतं. अगदी आतपर्यंत सुकली की मगच लेदर क्रीमचा पातळ हात.

कोल्हापुरीला मात्र यातलं काही करू नकोस!! २०१९ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली ती चप्पल हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेल्या चामड्याची, त्यावर पाणी काय आणि स्पिरिट काय, डाग पडतो तो पडतोच. असं चामडं क्रोमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्यापेक्षा बुरशीही लवकर धरतं. कोरडा ब्रश आणि वारा, बस. आणि पावसात घालू नकोस रे, दरवर्षी सांगतो.

आता मुद्द्याचं. बुरशी पुसून जाते पण ओल तिथेच राहिली तर पंधरा दिवसांत परत येते. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला पुरतं, आणि जुलैत सावंतवाडीत ती ८० च्या वर सहज असते. म्हणून आर्द्रता मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर घे आणि कपाटात ठेव, अंदाजाने काही कळत नाही. तुझं कपाट पश्चिमेच्या भिंतीला चिकटून आहे, पावसाचा सगळा मारा त्याच भिंतीवर, ते चार बोटं तरी पुढे ओढ. बॅग प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नकोस, आतली ओल आतच राहते, त्यापेक्षा आईच्या जुन्या सुती साडीत गुंडाळ आणि आत कोरे कागद भर. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यास तर रंग बदलणारे दाणे घे, ओल भरली की कळतं, आणि गरम करून परत वापरता येतात. डांबरगोळ्या कसरीसाठी असतात, बुरशीला त्यांचा उपयोग नाही. काही लोक कपाटात बल्ब लावून ठेवतात, कपड्यांना लागून आग लागू शकते म्हणून मला ते पटत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा दारं सताड उघडून पंखा सोड.

हो, ढोलकीचं विचारलं होतंस. तिचं कातडं कमावलेलं नसतं, ओलं फडकंसुद्धा लावू नको, मधल्या काळ्या शाईला तर नाहीच नाही. कोरड्या कापडाने पुस आणि माळ्यावरून खाली आणून हवेशीर खोलीत ठेव, गणपतीला लागणारच आहे.

हँडलची शिलाई कुजलेली वाटली तर ओढून बघू नकोस, बॅग माझ्याकडे पाठव. इथले आपले मोचीकाका मेणाच्या दोऱ्याने हातशिलाई करतात. अस्तराचा एक नीट फोटो टाक, काळे ठिपके असतील तर अस्तर बदलूनच घेऊ.

तुझा,
बाळ्या