दोरीतला ताण शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

तुम्ही फळ्यावर कप्पीचं गणित घेतलंत की सूत्र सगळ्यात शेवटी यायचं. आधी दोरी, मग प्रत्येक वजनाची वेगळी आकृती, मग त्यावरच्या बलांचे बाण. आज आम्ही सगळे अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो आणि हाच क्रम पाळतो. त्याबद्दल हे जाहीर आभार.

३ किलो आणि २ किलोची वजनं हलक्या, घर्षण नसलेल्या कप्पीवरून सोडलेली. गुरुत्व त्वरण १० धरून मुलं लगेच लिहितात, ‘एका बाजूचा ताण ३० न्यूटन, दुसऱ्या बाजूचा २०.’ यावर काय विचारायचं ते तुम्ही शिकवलंत: ३ किलोवर खाली ३० आणि वरही ३०, तर ते जागचं हलेल कशाला? इथे मुलांना पटतं की ताण वजनावरून उचलून लिहायचा नसतो, काढायचा असतो. मग दोन ओळी. ३० − ताण = ३ × त्वरण; ताण − २० = २ × त्वरण. बेरजेत ताण उडतो, त्वरण २ येतं आणि ताण २४ न्यूटन.

बहुतेक गणितं चुकतात ती चिन्हांत. जे वजन जिकडे सरकतं ती त्याची धन दिशा, हा तुमचा नियम. दोन्हीकडे ‘वर म्हणजे धन’ धरून त्वरणही एकाच चिन्हाचं घेतलं, तर त्वरण उणे १० आणि ताण शून्य येतो, जणू दोरी तुटून दोन्ही वजनं मोकळी पडताहेत! असं उत्तर दिसलं की आम्ही आधी चिन्हं बघतो. पडताळाही तुमचाच: ताण दोन वजनांच्या मध्येच यायला हवा, इथे २० आणि ३० च्या मध्ये. इंग्रज शास्त्रज्ञ जॉर्ज ॲटवुड यांनी १७८४ साली वर्णन केलेलं यंत्र हेच. दोन वजनं जवळजवळ सारखी ठेवली की त्वरण इतकं कमी होतं की ते निवांत मोजता येतं.

कप्पी टांगलेल्या हुकावर किती बल येतं, हा प्रश्न तुम्ही कधी सोडला नाहीत. ५ किलो टांगलंय म्हणून ५० न्यूटन, असं वाटतं. पण कप्पीला खाली ओढतात दोरीच्या दोन बाजू, म्हणून ४८. उरलेल्या २ न्यूटनचा हिशेबही लागतो: जड वजन खाली आणि हलकं वर जात असल्याने एकूण वस्तुमानकेंद्र (दोन्हींच्या वस्तुमानाचा सरासरी बिंदू) ०.४ त्वरणाने खाली येतं, आणि ५ × ०.४ म्हणजे २.

चल कप्पीत, म्हणजे दोरीच्या वळशात लोंबून स्वतःच वर-खाली सरकणाऱ्या कप्पीत, तर तुमच्या पद्धतीवाचून निभावच नाही. दोरीचं एक टोक छताला बांधलेलं; दोरी चल कप्पीखालून वर जाऊन एका स्थिर कप्पीवरून खाली सोडलेली. चल कप्पीला ४ किलो, दोरीच्या मोकळ्या टोकाला ३ किलो. कप्पी १ सेंमी वर जायला तिच्या दोन्ही बाजूंची दोरी १-१ सेंमी आखडावी लागते, म्हणून टोक २ सेंमी खाली येतं. त्वरणही दुप्पट. ही ओळ आधी लिहिली की ४ किलोचं त्वरण १.२५ आणि ताण २२.५ न्यूटन येतो. दोन्हींचं त्वरण एकच धरलं तर ताण २४ येतो, दिसायला अगदी बिनचूक, आणि दुर्दैवाने परीक्षेत तो पर्यायांतही असू शकतो.

‘हलकी कप्पी’ या शब्दांखाली तुम्ही रेघ ओढायचात. पहिल्याच गणितात कप्पी म्हणून २ किलोची भरीव चकती घेतली आणि दोरी घसरली नाही, तर ताण एका बाजूला २५ आणि दुसऱ्या बाजूला सुमारे २३.३ न्यूटन होतो. जड चकती फिरवायला हा फरक लागतोच. म्हणून ‘एका दोरीत ताण एकच’ हे वाक्य आम्ही वर्गात कधीच अर्धवट सांगत नाही. दोरी हलकी, कप्पी हलकी, आसाला घर्षण नाही, या अटी सोबत येतात.

तुम्ही सोप्याकडून अवघडाकडे लावलेली गणितं आम्ही त्याच क्रमाने मुलांना देतो आहोत. त्यात उतारावरच्या ठोकळ्याची दोन-तीन आम्ही घातली आहेत, घर्षणासकट. ती एकदा तपासून द्याल का?

आपले विद्यार्थी